आक्कासाहेबांच्या गाडीचा आवाज

सायलेन्सर गळून पडला तो नेमका आमच्या शाळेच्या फाटकासमोर, आणि तोही मधल्या सुट्टीत.

म्हणजे अख्ख्या शाळेनं पाहिलं. आधी ती हिरवीगार, बुटकी, छप्पर नसलेली गाडी वळणावरून आली. "रेवा, तुझे बाबा! तुझे बाबा!" म्हणून सगळ्या पोरी ओरडल्या, तशी माझी मान आपोआप ताठ झाली. मग गतिरोधकावर गाडीनं छोटीशी उडी घेतली. खण्णकन आवाज झाला, रस्त्यावर ठिणग्या उडाल्या, गाडीच्या पोटाखालून एक लांबोडकं गंजकं धूड निघून गटाराकडं घरंगळत गेलं आणि गाडी अशी काही डरकाळ्या फोडायला लागली, की चिंचा विकणाऱ्या मावशींनी कानांत बोटं घातली.

आणि बाबा? बाबा मजेत पुढं निघून गेले.

"बाबा! ओ बाबा! सायलेन्सर!"

माझा आवाज म्हणजे काय साधासुधा नाही. पंधरा दिवसांपूर्वीच मी वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते, आणि तेही माईक बंद पडल्यावर. सातवीतली टिपुगडे शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येते, असं खुद्द मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. बाबा त्या दिवशी पहिल्या रांगेत बसले होते. घरी जाताना म्हणाले, "एवढी पोरं बोलली, पण मला कळलं ते तुझंच भाषण." तेव्हापासून मी जमिनीच्या चार बोटं वरून चालत होते.

पण त्या दिवशी माझा तो बक्षीसवाला आवाजही बाबांपर्यंत पोचला नाही. चौकातल्या हवालदारानं शिट्टी मारली, मग हात हलवले, मग पार गाडीच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला, तेव्हा कुठं गाडी थांबली.

"तुझ्या बाबांना कळलंच नाही गं," तन्वी म्हणाली.

"छप्पर नसलेल्या गाडीत बसून बघ एकदा," मी तिला सुनावलं, "वारा केवढा असतो कानात!" आणि मावशींचं पोतं मागून घेतलं, त्यात ते तापलेलं धूड गुंडाळलं आणि पोतं छातीशी धरून चौकापर्यंत पळत गेले.

बाबांनी पोतं उघडून बघितलं. गंजून सायलेन्सरची पार चाळण झाली होती. बाबा बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले. मग माझ्याकडं बघून हसले. "मला वाटलंच होतं," ते म्हणाले, "पायाला गाडी जरा वेगळी लागत होती."

मीही हसले.

*

गाडी आक्कासाहेब सरनोबतांची होती. एमजी, दोनच सीटांची, विलायती. आक्कासाहेबांच्या लग्नाच्या आधीपासूनची. कोल्हापुरात बायका सायकलसुद्धा फारशा चालवत नव्हत्या तेव्हा आक्कासाहेब ही गाडी घेऊन रंकाळ्याला चक्कर मारायच्या, असं आई सांगते. दर दसऱ्याला त्या स्वतः चालवत निघायच्या आणि सगळ्या नात्यागोत्यात सोनं वाटून यायच्या. लोक गॅलऱ्यांत येऊन उभे राहायचे. गाडी दिसायच्या आधी तिचा आवाज यायचा, आणि आवाज आला की लोक म्हणायचे, आक्कासाहेब आल्या.

तो आवाज राखायचं काम बाबांचं. शिवाजी उद्यमनगरात आमचं गॅरेज होतं, पत्र्याचं, चारच गाड्या मावतील एवढं. पण बाबांच्या कानाचं नाव मोठं. बाकीचे मिस्त्री बॉनेट उघडून बघतात, दिनकर टिपुगडे बॉनेट उघडायच्या आधी सांगतो, असं म्हणायचे. बाबांचं एक खास हत्यार होतं: हातभर लांबीची काळी रबरी नळी. आक्कासाहेबांच्या गाडीला दोन कार्बोरेटर. नळीचं एक टोक कानाला लावायचं, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं. आत हवा शिरताना सूंऽऽ असा आवाज येतो. मग दुसऱ्या कार्बोरेटरचा ऐकायचा. दोन्ही सूं अगदी जुळे भाऊ असल्यासारखे सारखे झाले पाहिजेत, तोवर स्क्रू फिरवत राहायचं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा मांडताना बाबा सगळ्यात आधी ती नळी ठेवायचे, पान्हे आणि जॅक नंतर.

पण त्या वर्षी गॅरेजात गाड्या कमी झाल्या होत्या. दोन गिऱ्हाइकं गाडी परत घेऊन आली, "मिस्त्री, तो आवाज अजून येतोयच की" म्हणाली आणि तिसऱ्यांदा आलीच नाहीत. आई जेवताना म्हणाली होती, "दसऱ्याला आक्कासाहेबांची गाडी सगळं गाव बघतं. ती झ्याक निघाली पाहिजे. ती निघाली, की लोक आपोआप येतील." पुढचं ती बोलली नाही. ती नाही निघाली तर काय, हे तिघांनाही माहीत होतं.

आणि दसरा आला होता दहा दिवसांवर.

*

आक्कासाहेब दुसऱ्या दिवशी रिक्षानं गॅरेजवर आल्या. पांढरी सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, डोळ्यांवर काळा चष्मा. उंबऱ्यापाशी त्यांनी पाय जरा चाचपून टाकला आणि आत आल्या आल्या तोंडाचा पट्टा सुरू केला.

"दिनकर! भर रस्त्यात आमच्या पोरीची अब्रू काढलीस म्हणे! गेल्या खेपेलासुद्धा क्लच दाबला की चिमणी चिवचिवत होती. कान काय बाजारात विकून आलास?"

बाबांनी आधी माझ्याकडं बघितलं. मी खुदखुदत होते. मग तेही हसले. "चुकलं, आक्कासाहेब."

"चुकलं म्हणजे काय? सुधार! हे घे," त्यांनी रिक्षातून एक लांब खोका आणायला लावला. "पुतण्यानं विलायतेहून पाठवलाय. बसवायचा तर बसव, नाहीतर दुसरा बघ. मला नवा आवाज नको. मला माझी गाडी हवी. उतारावर पाय काढला की ती कशी दोनदा खाकरते, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे की," बाबा म्हणाले. आक्कासाहेब त्यांच्या अगदी समोर उभ्या होत्या.

"मग झालं. तुझा कान म्हणेल तो सायलेन्सर." आणि जाता जाता मला म्हणाल्या, "काय गं भाषणवाली, बाबाकडं लक्ष ठेव. आळशी झालाय."

त्या गेल्यावर मी फुरंगटले. "किती बोलतात हो तुम्हाला!"

बाबा खूश होते. "बोलू दे की. मी शिकाऊ होतो तेव्हा त्यांनी मला पान्हा फेकून मारलेला. त्या शिव्या देतात तोवर आपण मिस्त्री. ज्या दिवशी आक्कासाहेब गोड बोलतील, त्या दिवशी गॅरेजला कुलूप." मग खोका उघडत म्हणाले, "रेवा, शाळा सुटली की रोज इकडंच ये. यंदा सायलेन्सर आपण दोघं मिळून निवडायचा."

दोघं मिळून! मी आणि बाबा! मला वाटलं, भाषणाचं बक्षीस मिळालं म्हणून बाबांनी मला मोठं करून टाकलं.

*

पहिला लागला तो विलायती. आरशासारखा चकचकीत, त्यात माझं तोंड भोपळ्याएवढं दिसत होतं. बाबांनी तो बसवला, मला म्हणाले, "मागं उभी राहा," आणि गाडी सुरू केली. मग पाय देऊन आवाज चढवला.

"नाद खुळा!" मी ओरडले. "हाच, बाबा, हाच! कसला भारी!"

बाबा खाली उतरले. मागं आले, पाइपच्या तोंडासमोर तळहात धरून थोडा वेळ उभे राहिले. मग गाडी बंद करून माझ्या समोर उकिडवे बसले.

"तुला आवडला का, ते विचारलं नाही मी. आक्कासाहेबांची गाडी बोलते तसा बोलतोय का?"

मी डोळे मिटले. लहानपणापासून दर दसऱ्याला ऐकलेला आवाज आठवायला लागले. "नाही," मी जरा नाराजीनं म्हणाले. "हा भांडायला आल्यासारखा बोलतोय. त्यांची गाडी कशी... कशी सांगू?"

"उभी असताना गुणगुणते," बाबा म्हणाले. त्यांनीही डोळे मिटले होते. "गुरगुर नाही, गुणगुण. पोळ्या लाटताना तुझी आई करायची बघ, तसली. चढावर जरा छाती भरून येते तिची. आणि उतारावर पाय काढला, की आधी गप्प. मग एकदा खाकरते. मग एक श्वास घेण्याएवढं थांबते, आणि परत एकदा. म्हातारं माणूस काहीतरी सांगायच्या आधी खाकरतं ना, तसं."

"आई अजून गुणगुणते की, बाबा."

बाबांनी डोळे उघडले. "हं," ते म्हणाले आणि पान्हा उचलला.

दुसरा आणला बाजारातून, जीपचा, कापून जोडून बसेल असा. तो लागला तेव्हा गाडी तोंडावर उशी दाबून बोलल्यासारखी वाटायला लागली. मी तसं सांगितलं. बाबांनी पुन्हा तळहात धरून बघितला, मान डोलावली आणि सगळं काढून टाकलं. एकदाही स्वतः म्हणाले नाहीत, की हा असा आहे किंवा तसा आहे. मला वाटलं, माझी परीक्षा चाललीय. मी जीव तोडून परीक्षा देत होते.

त्याच दिवसांत त्यांनी ती रबरी नळीही माझ्या हातात दिली. "ऐक. दोन्हीकडचा आवाज सारखा आहे का सांग."

"मी? नळीनं?" मी उडालेच. बाबांची नळी आजवर आईनंसुद्धा उचलली नव्हती.

"शिकायला नको का?"

मी एका कार्बोरेटरचा सूं ऐकला, मग दुसऱ्याचा. "उजवा मोठा आहे!" मी ओरडले. बाबांनी स्क्रू थोडा फिरवला. "अजून मोठा!" पुन्हा फिरवला. "आता झाले! जुळे!" आणि मी तिथल्या तिथं नाचले. बाबा माझ्या तोंडाकडं बघत होते. तसं बघताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, कौतुक आहे.

*

तिसरा सायलेन्सर बाबालालचाचांनी केला. आमच्या मागच्या गल्लीत त्यांचं पत्र्याचं काम होतं. तिकडं एका बाजूला ग्राइंडर, दुसऱ्या बाजूला लेथ, मध्ये हातोडे. उद्यमनगरात कुणीच हळू बोलत नाही. सगळे एकमेकांच्या समोर उभे राहून, हातवारे करत ओरडतात. कुणाला किती ऐकू येतं, हे तिथं कुणाच्या ध्यानातच येत नाही.

चाचांनी जुना सायलेन्सर मासा चिरावा तसा मधोमध कापला.

"बघ रेवाबाई, ह्ये पडदे," ते ओरडून म्हणाले. आत भोकं पाडलेले पत्रे आडवे बसवलेले होते. "धूर ह्यातनं वळत वळत जातोय. दमतोय. दमला, की आवाज मऊ हुतोय. पडदा इकडचा तिकडं झाला, की गाडी दुसऱ्याच्या आवाजात बोलाय लागली म्हणून समज."

"मग आहे तिथंच बसवा की, चाचा!"

"बसवतो की. पर ह्यो शेवटचा बघ." शेवटच्या पडद्याच्या जागी नुसता गंजाचा भुगा होता. चाचांनी बोटानं चाचपून बघितलं. "दिनूभाऊ, ह्यो नक्की कुठं हुता, कळंना झालंय. अदमासानंच बसवाय लागणार."

बाबा भुग्याकडं बघत होते. मी त्यांच्या दंडाला धरून चाचांचं बोलणं पुन्हा सांगितलं. "बसव," ते म्हणाले. "रेवा ऐकेल."

सप्तमीला तो सायलेन्सर लागला. काळा, साधा, कुठंकुठं हातोडीच्या खुणा असलेला. बाबांनी गाडी सुरू केली आणि मला एकदम आईच्या पोळ्यांचा वास आल्यासारखं झालं. गाडी गुणगुणत होती. खरंच गुणगुणत होती!

"हाच!" मी दोन्ही हात वर करून ओरडले. "बाबा, हाच, हाच, हाच!"

बाबांनी तळहात पाइपसमोर धरला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला. मग म्हणाले, "उद्या पन्हाळ्याला नेऊ. खाकरते का, ते उतारावरच कळणार. आक्कासाहेबांनाच चालवू दे."

"मी पण येतो!" (आमच्याकडं मुलीसुद्धा 'येतो'च म्हणतात.)

"मग? तुझ्याशिवाय कसं?"

*

अष्टमीला सकाळी आम्ही निघालो. आक्कासाहेब चालवायला, त्यांच्या शेजारी बाबा, आणि सीटांच्या मागं जी वीतभर जागा असते तिथं स्पेअर चाक, हवेचा पंप आणि मी. वाटेत लोक वळून बघत होते. मी हात हलवत होते. चढावर गाडीची छाती भरून आली. बाबांनी सांगितलं होतं अगदी तशी.

पन्हाळ्यावर तटाच्या भिंतीशी गाडी थांबवली. आक्कासाहेब उतरल्या, हातानं भिंत धरली आणि खाली दिसणाऱ्या शेतांकडं तोंड करून उभ्या राहिल्या. बाबा फडकं घेऊन बॉनेटवरची धूळ पुसायला लागले. त्यांची पाठ आक्कासाहेबांकडं होती. वारा नव्हता. इंजिन बंद होतं. मी भिंतीवर बसून पाय हलवत होते.

आक्कासाहेब हळू आवाजात बोलल्या. मी त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"दिनकर, घरात कुणाला सांगितलेलं नाही, तुलाच सांगते. ही माझी शेवटचीच खेप. डाव्या डोळ्यानं मला आता काही दिसत नाही. उजवाही किती दिवस राहील, भरवसा नाही. डॉक्टर म्हणाले, दसऱ्यानंतर किल्ली ठेवून द्या."

बाबा फडकं फिरवत होते. मी पाय हलवायचे थांबवले. आता बाबा वळतील, आता काहीतरी म्हणतील, असं मला वाटलं. आक्कासाहेबही वाट बघत असाव्यात. त्या थोड्या वेळानं म्हणाल्या, "बोल की काहीतरी."

बाबांनी फडकं झटकलं, दोन पावलं मागं सरकले आणि खुशीत मान वाकडी करून बॉनेटकडं बघत मोठ्यांदा म्हणाले, "आक्कासाहेब, रंग अजून काय चकाकतोय बघा!"

आक्कासाहेब वळल्या. त्यांनी काळा चष्मा काढला. पाठमोऱ्या बाबांकडं एकटक बघितलं. मग एक शब्द उच्चारला, पहिल्यापेक्षा जरा मोठ्यानं.

"दिनकर."

बाबा बॉनेटवरचा एक डाग नखानं खरवडत होते.

आक्कासाहेबांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या डोक्यात शाळेसमोरचा खण्ण आवाज झाला, हवालदाराची शिट्टी वाजली, तळहात, नळी, पहिल्या रांगेतली खुर्ची, आईची गुणगुण. सगळं एकामागून एक येऊन बसलं. आक्कासाहेबांनी चष्मा परत लावला. चालत चालत बाबांच्या समोर गेल्या, तोंडासमोर तोंड येईल अशा उभ्या राहिल्या आणि स्पष्ट म्हणाल्या, "चल. उतरू या."

उतार सुरू झाला. वाघबिळाच्या अलीकडचं लांब वळण आलं. आक्कासाहेबांनी पाय काढला. गाडी गप्प झाली. बाबांनी हात दाराच्या पत्र्यावर पसरून ठेवला होता. मी मागं श्वास रोखून बसले होते.

गाडी खाकरली.

मग एक श्वास घेण्याएवढा वेळ गेला. आणखी एक गेला. वळण संपलं. गाडी नुसतीच खाली उतरत राहिली.

आक्कासाहेबांनी एक हात स्टिअरिंगवरून काढला आणि बाबांच्या डोळ्यांसमोर दोन बोटं धरली. तोंडभर हसल्या. "हाच, दिनकर!" त्या बाबांकडं तोंड करून म्हणाल्या. "अगदी हाच. फार छान काम केलंस बाबा. फार छान."

बाबा हसले, मान झुकवली. पत्र्यावरचा हात मात्र त्यांनी सगळ्यात शेवटी उचलला.

*

आक्कासाहेब आम्हाला गॅरेजवर सोडून गेल्या. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत बाबा उभे होते. मग आत येऊन स्टुलावर बसले. मला समोर उभं केलं.

"एकदाच ना?"

मी खाली बघितलं.

"वर बघून बोल. हाताला एकदाच लागली. एकदाच ना?"

मी होय म्हणून मान हलवली. मग पटकन म्हणाले, "बाबा, चाचांकडं जाऊ या. तो शेवटचा पडदा जरा सरकवायचा. अजून आजची दुपार आहे. मी ऐकतो की! पन्हाळ्याला परत जाऊ, मी ऐकून सांगतो तुम्हाला, हवं तर दहादा..."

"कुणासाठी?" बाबा म्हणाले. "त्यांनी पास केलंय काम."

मागच्या गल्लीत ग्राइंडर सुरू झाला होता. बाबांनी हाताची बोटं एकमेकांत घातली आणि सोडवली.

"वर, भिंतीपाशी, त्या माझ्याकडं बघत थांबल्या होत्या. आधी काहीतरी बोलल्या असणार. काय बोलल्या?"

मला सांगायचं नव्हतं. पण बाबा माझ्या ओठांकडं बघत होते. मी सांगितलं. ग्राइंडरचा आवाज इतका होता, की त्यांना कळलं नाही. त्यांनी मान पुढं केली. मग माझ्या त्या बक्षीसवाल्या आवाजात, छाती भरून, मी पुन्हा सांगितलं. आक्कासाहेबांनी हळू आवाजात सांगितलेली गोष्ट मला सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडून सांगावी लागली. डोळ्यांनी दिसत नाही. शेवटची खेप. किल्ली ठेवून द्यायची.

बाबांनी माझ्या ओठांवरून नजर काढली नाही.

"आणि मी काय म्हणालो?"

"रंग बघा म्हणालात," मी म्हणाले.

ग्राइंडर थांबला. बाबांनी विजारीवरची नसलेली धूळ झटकली, उठले आणि दिवसाउजेडी शटर खाली ओढलं.

*

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडं कुठलंही हत्यार वापरत नाहीत. सगळ्यांना धुऊन पुसून, हळदकुंकू लावून, फुलं वाहून बसवायचं. वर्षभर राबतात, एक दिवस आराम. मी आणि आई पूजेचं तबक घेऊन गॅरेजवर गेलो तेव्हा बाबांनी पाट मांडून ठेवला होता. पान्हे उंचीप्रमाणे ओळीनं. स्क्रूड्रायव्हर. जॅक. हातोड्या. पक्कड. झेंडूची माळ.

नळी नव्हती.

मी पाटाखाली बघितलं, खणात बघितलं, खिळ्यावर बघितलं. मग टप टप असा आवाज आला म्हणून मागं वळले. कोपऱ्यात गाड्या धुवायच्या पाण्याचं पिंप होतं. त्याच्या तोटीला ती काळी रबरी नळी बसवलेली होती, वरून तारेचा फास घट्ट आवळलेला. तिच्या टोकातून पाणी बादलीत पडत होतं. सगळी हत्यारं आराम करत होती आणि ती एकटी कामाला लागली होती.

"आई," मी म्हणाले. आईनं आधीच बघितलं होतं. ती तबकातली फुलं उगाच इकडची तिकडं करत होती. त्या दिवशी ती गुणगुणत नव्हती.

आता मी दहावीत आहे. गॅरेजवरची पाटी बदललीय, आता तिथं गाड्या धुतल्या जातात, आणि बऱ्याच येतात. त्या दसऱ्याला आक्कासाहेबांची गाडी गावातून फिरली, लोक गॅलऱ्यांत आले, 'आवाज तोच' म्हणाले. नंतर ती कधी बाहेर निघाली नाही. बाबांना कानाचं मशीन मिळालं. आईनं हट्टानं घ्यायला लावलं. बाबा ते घरी लावतात, गॅरेजवर काढून ठेवतात. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ह्यातनं माणसं ऐकू येतात गं. इंजिन येत नाही."

पण हे सगळं पुढचं. त्या सकाळी आई निरांजन लावत होती आणि बाबा आमच्याकडं पाठ करून, दारात, रस्त्याकडं बघत उभे होते.

"बाबा," मी हाक मारली. "आरती."

ते वळले नाहीत.

मी पुन्हा हाक मारायला श्वास भरून घेतला. मग तो तसाच सोडला. पाटाला वळसा घालून, बादली ओलांडून, मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले.